मनगटावरचा पांढरा दोरा

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत. बोलताना वेळेअभावी राहून गेलेलं थोडं लिहिताना घातलं आहे.)

आदरणीय गुरुजन आणि माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो, सगळ्यांना जय भीम, नमस्कार.

दहा वर्षं या शाळेत शिकले, पण या पटांगणात मोठ्यानं 'जय भीम' मी आज पहिल्यांदा म्हणाले. मला कुणी अडवलं होतं असं नाही. मीच म्हणत नव्हते. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

संयोजकांनी मला सुचवलं होतं की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर ए.आय.वर बोल, मुलांच्या नोकऱ्या राहतील का ते सांग. ते जेवताना सांगते. तसंही त्याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे मी एका साध्या दोऱ्याविषयी बोलणार आहे. शिवणाच्या मशीनचं पांढरं रीळ असतं ना, तो दोरा.

तुमच्यापैकी बरेच जण आमच्या घरी येऊन गेलात. गणिताच्या वह्या न्यायला, कधी आईच्या हातचे धपाटे खायला. समोरच्या भिंतीला लाकडी फळी होती. तिच्यावर बुद्धाची छोटी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, एक मेणबत्ती, अगरबत्तीचं घर आणि स्टीलचा तांब्या. एवढंच. तुम्ही ते पाहिलं, पण 'हे काय आहे' असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता पंचेचाळिशी ओलांडली, आता सांगायला हरकत नाही.

आमच्या घरातल्या या वस्तू इतक्या कमी का, याला इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. त्या वेळी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतल्या कितीतरी प्रतिज्ञा काय सोडायचं हे सांगणाऱ्या आहेत. देवदेवता सोडायच्या, श्राद्ध-पिंडदान सोडायचं. माझी आजी नांदेडजवळच्या गोदाकाठच्या गावची. तिनं पुढच्या एक-दोन वर्षांत देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि गोदावरीत सोडले. ती सांगायची, "सोडताना हात थरथरला गं. वाटलं, आता देवी कोपती का काय. घरी आले, भाकरी थापली, खाल्ली, झोपले. सकाळी उठले तर सगळं जिथल्या तिथं." पुढे ती हसायची.

म्हणजे घर रिकामं झालं होतं. मग त्या रिकाम्या जागेत काय ठेवायचं? बाबासाहेबांनी बौद्ध पूजापाठाची एक लहानशी पुस्तिका संकलित केली होती, पण पूजेचं साहित्य गरिबाला परवडेल असंच लागणार होतं. फूल, मेणबत्ती, अगरबत्ती. तिन्ही किराणा दुकानात किंवा कुंपणावर मिळणारं. फूल कशासाठी, तर ते उद्या कोमेजणार आणि हे शरीरही तसंच, याची आठवण म्हणून. दिवा अंधार घालवतो म्हणून. सुगंध चांगल्या वागण्याचा दूरवर जातो म्हणून. मूर्तीला त्या फुलाची गरज नाही, हे वाहणाऱ्यालाही माहीत असतं. देवाला काही देऊन काही मागायचं, असा व्यवहार त्यात नाही. निदान नसावा.

झेंड्याचंही थोडं सांगते, कारण बुद्ध जयंतीला तुम्ही तो लातूरच्या आणि नांदेडच्या रस्त्यांवर पाहता. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे उभे पट्टे आणि शेवटी त्या पाचांचा मिळून सहावा. आपल्याकडे सगळे त्याला पंचशील ध्वज म्हणतात आणि पाच रंग म्हणजे पाच शीलं असं मुलांना शिकवतात. मीही तेच शिकले होते. मुळात तो १८८५ साली कोलंबोत तयार झाला आणि ते रंग बुद्धाच्या देहाभोवतीच्या प्रभेचे मानले जातात. १९५० मध्ये कोलंबोलाच जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला बाबासाहेब हजर होते. तिथे हा ध्वज सगळ्या बौद्ध देशांचा म्हणून स्वीकारला गेला. आपल्या लोकांनी त्याला स्वतःचा अर्थ लावला. मला तो अर्थ चूक वाटत नाही. फक्त तो आपण लावलेला आहे हे माहीत असावं.

आता दोरा.

परित्राण पाठ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मधोमध पाण्यानं भरलेलं भांडं, त्यात पिंपळाची पानं. पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक मूर्तीपाशी, तिथून तो भांड्याला गुंडाळून भिक्खूंच्या हातांतून पुढे बसलेल्या सगळ्यांच्या हातांतून फिरवतात. म्हातारे, पोरं, बाया, सगळ्यांनी तो धरलेला असतो. भिक्खू पालीतली सुत्तं म्हणतात. ते झालं की पानानं पाणी शिंपडतात, दोऱ्याचे तुकडे करतात आणि प्रत्येकाच्या मनगटाला बांधतात.

पाण्यामागची कथा वैशालीची आहे. तिथे दुष्काळ पडला, रोगराई पसरली, माणसं मरायला लागली. बुद्धानं आनंदाला रतन सुत्त शिकवलं आणि आनंद भिक्षापात्रातलं पाणी शिंपडत, सुत्त म्हणत शहरभर फिरला, अशी परंपरा सांगते. माझ्या आजीला मात्र ही कथा माहीत नव्हती. तिचं पाण्याविषयीचं म्हणणं वेगळंच होतं. लहानपणी गावात तिला पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. घागर विहिरीला लागू द्यायचे नाहीत. १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं, ते तिच्या गावापर्यंत पोचायला फार वर्षं लागली. ती म्हणायची, "इथं माझ्या हातानं भरलेलं पाणी सगळ्यांच्या अंगावर पडतं." तिच्यासाठी परित्राण म्हणजे एवढंच होतं आणि ते पुरेसं होतं.

आमच्या बाबांना हे पटायचं नाही. ते एस.टी.त मेकॅनिक होते, वाचणारे होते. त्यांचं म्हणणं, "आज दोरा आला, उद्या ताईत येईल, परवा भगत येईल." परित्राणाला ते बसायचे, दोरा हातात धरायचेही, पण मनगटाला बांधून घेत नसत. आणि उरलेलं रीळ आईकडे देऊन म्हणायचे, "मशीनला लाव." आई लावायची. माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाची शिलाई उसवली की त्याच रिळानं टीप पडायची. तेव्हा हा वाद मला कंटाळवाणा वाटायचा. आता वाटतं, दोघांनी मिळून मला नीट शिकवलं. आईनं दोऱ्याचा मान शिकवला आणि बाबांनी दोरा हा दोराच आहे हे शिकवलं.

मंगल सुत्त म्हणून एक सुत्त आहे. परित्राणात ते हमखास म्हणतात. त्याच्यामागे असं सांगतात की लोकांत वाद चालला होता, मंगल म्हणजे नेमकं काय? सकाळी अमुक दिसलं तर मंगल, तमुक कानावर पडलं तर मंगल, एखाद्या गोष्टीचा स्पर्श झाला तर मंगल. शेवटी प्रश्न बुद्धाकडे गेला. त्यानं अडतीस मंगलं सांगितली. मूर्खांची संगत न करणं, आईवडिलांची सेवा, बायकामुलांचा सांभाळ, हातात एखादी कला असणं, भरपूर शिकणं, गोड बोलणं, उपकार न विसरणं. सगळी यादी मी तपासली, सवयच आहे. त्या अडतीसांत एकही वस्तू नाही. कलश नाही, शंख नाही, दोरा नाही. आणि गंमत बघा, हेच सुत्त आपण दोरा हातात धरून म्हणतो.

माझ्या मुलीनं मला मागच्या वर्षी विचारलं, "आई, हा दोरा काम करतो का?" मी तिला घरातलं राउटर दाखवलं. म्हटलं, तो हिरवा दिवा आहे ना, तो म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट चालू आहे एवढी खूण आहे. आणि आपल्याला अनुभव आहे की कधीकधी दिवा हिरवा असतो आणि कनेक्शन नसतं. ती म्हणाली, "मग दिवा कशाला?" याचं उत्तर मी अजून शोधते आहे, पण ते शोधताना मला दरवेळी १९९३ आठवतं.

तुम्हा सगळ्यांना आठवतंच. आपण आठवीत होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. ३० सप्टेंबरची पहाट, चारच्या सुमारास. किल्लारीचं नाव सकाळी कळलं, आधी नुसता आवाज आणि भांडी पडण्याचा खडखडाट. त्यानंतर कित्येक आठवडे लातूरमध्ये कुणी घरात झोपायला तयार नव्हतं. आमच्या वस्तीसमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या पडल्या, चुली पेटल्या. रोज कुणाच्या तरी गावाकडची बातमी यायची. बाया रात्री दचकून उठायच्या. तेव्हा आजी नांदेडहून आली होती. तिनंच वस्तीतल्या मोठ्या माणसांना म्हटलं, परित्राण ठेवा. कंदिलाच्या उजेडात रात्रभर पाठ चालला. दोरा पुरेना, तर आईनं मशीनवरचं रीळ काढून आणलं. पलीकडच्या गल्लीतल्या, आमच्या समाजाच्या नसलेल्या एक काकू येऊन बसल्या, त्यांच्याही हातात दोरा दिला. बाबांनी तो पुढे सरकवला. एवढी माणसं एका दोऱ्याला धरून बसलेली मी आधी पाहिली नव्हती. जमीन हलायची थांबली का? नाही, धक्के बसतच होते. पण त्या रात्री लोक झोपले. मीही झोपले.

सकाळी आजीनं माझ्या मनगटाला दोरा बांधला. काही दिवसांनी शाळा सुरू झाली.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं पहिल्याच तासाला विचारलं, "कसला गं दोरा?" ती आज इथे बसली आहे. नाव घेत नाही, तिला विचारूनच सांगते आहे. मी म्हणाले, "तुळजापूरचा आहे. देवीचा."

का म्हणाले? दिवस कसे होते ते आठवा. भूकंपाच्या आधी आणि नंतरही मराठवाड्यात नामांतराचा विषय पेटलेला होता, पुढच्या जानेवारीत १४ तारखेला नामांतर झालं. एका शब्दावरून समोरचा माणूस कोण आहे हे लोक ओळखायचे. 'परित्राण' हा तसा शब्द होता. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं कळायचं. मला कुणी त्रास दिला नव्हता, तरी मला तो शब्द उच्चारायची भीती वाटली. मैत्रीण म्हणाली, "मग तोडू नको हं, देवीचा आहे." मी मान हलवली आणि पुढे दोन आठवडे पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले. आईला सांगितलं, थंडी वाजते.

ज्या बाईनं थरथरत्या हातानं देवीचे टाक गोदावरीत सोडले, तिनं बांधलेल्या दोऱ्याला मी देवीचा दोरा म्हटलं. आजीला हे कधी कळलं नाही. ती गेली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. सांगायचं राहून गेलं.

आपली सहल तेरला गेली होती, आठवतं? संत गोरोबाकाकांचं गाव. तिथलं त्रिविक्रमाचं मंदिर सरांनी दाखवलं, आपण डबे खाल्ले आणि लामतुरे वस्तुसंग्रहालय बघून परत आलो. खूप वर्षांनी मी वाचलं की त्या मंदिराची मागून गोल असलेली विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी असं अभ्यासक मानतात. तिथल्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले. मी त्या भिंतीला टेकून धपाटा खाल्ला होता आणि मला काही माहीत नव्हतं. सरांवर ठपका नाही, तेव्हा पुस्तकातच नव्हतं.

नोकरीनिमित्त बंगळूरला आहे, तर आईला एकदा म्हैसूरकडे बायलकुप्पेला नेलं. तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे, सुवर्ण मंदिर म्हणतात त्याला लोक. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, तिथे मात्र मी गेलेले नाही. आई पांढरी साडी नेसून तयार झाली, कारण बुद्धाच्या दर्शनाला जायचं. आत गेली आणि थांबलीच. केवढाल्या सोनेरी मूर्ती, उग्र चेहऱ्यांची चित्रं, लांबलचक शिंगं, ढोल. भिक्खूंच्या उजव्या हातात वज्र, डाव्या हातात घंटा. मी चौकशी केली तर कळलं, वज्र म्हणजे करुणा आणि घंटा म्हणजे प्रज्ञा, दोन्ही एकत्रच वापरायचे. बाहेर पितळी प्रार्थनाचक्रांची रांग. आत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असते, एकदा फिरवलं की तितके जप झाले. मला आमच्या कोडमधला लूप आठवला, पण मी गप्प बसले.

मग आईची नजर कापडावरच्या आठ चिन्हांवर गेली. छत्र, सोनेरी माशांची जोडी, कलश, कमळ, शंख, टोक नसलेली गाठ, विजयध्वज आणि चक्र. तिबेटी लोक यांना अष्टमंगल म्हणतात. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, कलश, शंख, कमळ... हे तर सगळं आपण सोडून दिलेलंच की." आणि ते खरंच आहे. ही चिन्हं जुन्या भारतातली, जैनांकडेही अष्टमंगल आहे. इथून ती हिमालयापलीकडे गेली आणि १९५९ नंतर निर्वासितांबरोबर परत आली, तोवर आम्ही इथे देव्हारा रिकामा करून बसलो होतो. आई नाराज नव्हती, गोंधळली होती. बाहेर पडताना तिला छतावर चक्र दिसलं, दोन्ही बाजूंना बसलेली हरणं. म्हणाली, "हे सारनाथ." तिथे मात्र तिनं हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

परतीच्या गाडीत ती म्हणाली, "त्यांचंही चुकीचं नसेल. त्यांनी घर सोडलं, म्हणून वस्तू धरून ठेवल्या. आपण वस्तू सोडल्या, म्हणून..." आणि पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. मी विचारलं तर खिडकीतून बघत राहिली.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती आमच्याच लोकांबद्दल आहे, त्यामुळे बोलते. हल्ली दिवाणखान्यात बुद्धाचं नुसतं डोकं शोभेला ठेवतात. नोकरीच्या ठिकाणी टेबलावर पोट सुटलेला लाफिंग बुद्ध असतो, पैसा येतो म्हणून. तो गौतम बुद्ध नाहीच, चीनमधला बुदाई नावाचा भिक्खू. आमच्या नातेवाइकांतही तो पोचला आहे. बाबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, ते इथे सांगण्यासारखं नाही.

बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. आमच्यात तेरावं करत नाहीत, पुण्यानुमोदन आणि जलदान विधी करतात. घरच्यांनी एका भांड्यातलं पाणी हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते काठोकाठ भरून वाहेपर्यंत. ओतायला मुलगाच हवा असं काही नाही. मी ओतलं. आईनं भिक्खूंना दोऱ्याचं रीळ दिलं, पाठ झाला, सगळ्यांच्या हाताला दोरे बांधले. बाबांच्या फोटोला बांधायला कुणीतरी पुढे झालं, तर आई म्हणाली, "नको. त्यांना आवडायचं नाही." उरलेलं रीळ तिनं उचललं आणि मशीनला लावलं.

नांदेडला गेले की मी आता अर्धापूरकडे दाभडला जाते. तिथे बावरीनगरचा महाविहार आहे, पौष पौर्णिमेला मोठी धम्म परिषद भरते. नावातला बावरी म्हणजे सुत्तनिपातातला, गोदावरीच्या काठी राहणारा म्हातारा आचार्य. त्यानं आपले सोळा शिष्य बुद्धाकडे पाठवले. पैठण, उज्जैन, विदिशा, श्रावस्ती करत ते मगधात पोचले. बावरीनं त्यांना सांगितलं होतं, महापुरुषाची बत्तीस लक्षणं अंगावर आहेत का बघा. त्यांनी ती पाहिली, खात्री केली. पण त्यानंतर प्रत्येकानं प्रश्न विचारले, म्हातारपणाचे, भीतीचे, आसक्तीचे. ग्रंथात मुख्यतः ते प्रश्न आणि उत्तरंच आहेत. आपल्या गोदाकाठची ही माणसं खुणा बघायला गेली आणि प्रश्न विचारत बसली, याचं मला फार बरं वाटतं.

काल संध्याकाळी इथे पोचल्यावर मी माझ्या मैत्रिणीला चहाच्या टपरीवर गाठलं आणि तुळजापूरचं खोटं सांगून टाकलं. बत्तीस वर्षं झाली. ती चहा पीत राहिली, मग म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं गं. देवीचा दोरा असा नुसता पांढरा कुठं असतो?" मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "तू लपवायलीस म्हणल्यावर मी कशाला उकरून काढू? पण तोडू नको म्हणाले होते ना मी."

तोडला नव्हता. आपोआप झिजून पडला, सहामाहीच्या पेपरांच्या आसपास.

येत्या पौष पौर्णिमेला ती माझ्याबरोबर दाभडला येते आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर नांदेडला आमच्याकडे उतरा, आई धपाटे करेल. पण फार जण असाल तर आधी कळवा, गाडी सांगावी लागेल.